रंगाखालची रॅकेट आणि दुखरं कोपर

पुण्याच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४३. आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लबात डबल्स, रविवारी सकाळी सिंगल्स. रॅकेट दोन वर्षांपूर्वी दुकानातून घेतलेली: १०० चौरस इंचांचं हेड (तारांचा गोल भाग), ३०० ग्रॅम, कडक फ्रेम. त्यावर पूर्ण पॉलिएस्टरचं गटिंग (म्हणजे तारांची जाळी), २६ किलोच्या ताणावर, गेल्या गणपतीत केलेलं. दुसऱ्या सेटपासून बॉल आखूड पडू लागतात आणि एकहाती बॅकहँड मारताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. मधल्या काळात त्यांच्या कानावर आलं की मोठे खेळाडू जाहिरातीतली रॅकेट वापरतच नाहीत. जुन्याच साच्यातल्या फ्रेमवर नवा रंग चढवलेला असतो. जूनमध्ये त्यांचा भाचा अमेरिकेहून येतोय. त्याच्याकडून एक वापरलेली 'प्रो स्टॉक' (व्यावसायिक खेळाडूंसाठी बनवलेली) फ्रेम आणवावी असं त्यांच्या मनात आहे: ९५ चौरस इंच, १८ बाय २० (उभ्या तारा १८, आडव्या २०), गटिंग-ग्रिपसकट ३४५ ग्रॅम. किंमत दुकानातल्या नव्या रॅकेटच्या दुपटीहून जास्त. तेरा वर्षांच्या मुलालाही तीच पुढे चालेल, असा हिशेब आहे. ते विचारतात, "इतकी वर्षं आपल्याला दुय्यम माल विकला गेला का? आणि आता खरा माल घ्यावा का?"

नमस्कार.

आधी तुमच्या माहितीबद्दल, कारण ती खरी आहे. अँडी मरेचं उदाहरण यात सगळ्यात गाजलेलं. जाहिरातीत तो हेड कंपनीच्या 'रॅडिकल'चा चेहरा, पण हातातली फ्रेम 'पीटी५७ए' या सांकेतिक नावाची, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या 'प्रो टूर ६३०'च्या साच्यातून आलेली. वर रंग तेवढा त्या-त्या वर्षीच्या रॅडिकलचा. नदालही वर्षानुवर्षं बाबोलाच्या पहिल्या 'एअरोप्रो ड्राइव्ह'च्या साच्याला धरून राहिला. नवी आवृत्ती आली की रंग बदलायचा, फ्रेम तीच. यात नियमभंग काहीच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ रॅकेटची लांबी ७३.७ सेंटीमीटरपर्यंत, रुंदी ३१.७ पर्यंत आणि गटिंगचा पृष्ठभाग ३९.४ बाय २९.२ सेंटीमीटरपर्यंत मर्यादित ठेवतो. रंगाखाली कोणता साचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खेळाडू असं का करतात, याचं कारण मात्र 'खरा माल लपवणं' हे नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी जी फ्रेम हातात बसली, तिच्यावर हजारो तास गेलेले असतात. कंपनीला दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल विकायचं असतं, खेळाडूला काहीच बदलायचं नसतं, आणि करार तर दोघांनाही हवा असतो. रंगाचा डबा हा त्यातला तोडगा. सॅम्प्रसचा हट्ट तर याच्याही पुढचा. पूर्ण कारकीर्द तो विल्सनच्या ८५ चौरस इंची 'प्रो स्टाफ'वर खेळला आणि त्यातही कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या कारखान्यात बनलेल्याच फ्रेम्स त्याला हव्या असत. हाताला लागलेली सवय म्हणायची ती ही. त्याच्या शेजारच्याला तीच फ्रेम जड आणि अरुंद वाटली असती. जाहिरातीत एक दाखवून हातात दुसरं धरणं हे सरळ वागणं नव्हे, हे कबूल. पण त्यात तुमचं नुकसान झालंय का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक 'नाही' असं आहे.

आता उलट बाजूची उदाहरणं पाहा. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्या फेरीत हरल्यावर फेडररने हॅम्बुर्ग आणि ग्श्टाडला ९८ चौरस इंचांची फ्रेम वापरून पाहिली, मग परत ९० वर गेला, आणि २०१४ पासून ९७ वर स्थिरावला. 'प्रो स्टाफ आरएफ९७' या नावाने तीच फ्रेम दुकानात आली: गटिंगशिवाय ३४० ग्रॅम, १६ बाय १९. म्हणजे 'खेळाडूचीच' रॅकेट कोणालाही विकत मिळत होती. झालं काय? हौशी खेळाडूंनी ती उत्साहाने घेतली आणि त्यांतल्या पुष्कळांना ती पहिल्या सेटनंतर ओढवेना. अल्काराझच्या 'प्युअर एअरो ९८'चंही तसंच. दुकानातली ती रॅकेट ३०५ ग्रॅम, ९८ चौरस इंच, १६ बाय २० अशी आहे. दडवलेलं काही नाही. नदालचा जो साचा मी वर सांगितला तोही मूळचा बाजारातलाच, १०० चौरस इंच आणि ३०० ग्रॅम. तुमच्या रॅकेटशी ताडून पाहा: आकडे तेच आहेत!

मग फरक कुठे आहे? थोडा वजनात, जास्त वजनाच्या जागेत, आणि सगळ्यात जास्त गटिंगमध्ये.

दुकानातली ३०० ग्रॅमची रॅकेट गटिंगने साधारण १६ ते १८ ग्रॅमनी वाढते, ओव्हरग्रिप पाचेक ग्रॅमची, डॅम्पनर (तारांची थरथर कमी करणारा रबरी तुकडा) दोनेक ग्रॅमचा. म्हणजे तुमच्या हातात प्रत्यक्षात ३२५ च्या आसपास आहे. व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या रॅकेटा अशा तयार अवस्थेत ३४० च्या पुढे सहज असतात. हा आकडा ऐकून लोक थबकतात, पण तो तसा फसवा आहे. काट्यावरचं वजन आणि फिरवताना जाणवणारं वजन यांचा थेट संबंध नाही. फिरवतानाच्या वजनाला 'स्विंगवेट' म्हणतात. ते मुठीच्या बुडापासून १० सेंटीमीटरवरच्या आसाभोवती मोजतात, आणि त्यात अंतराचा वर्ग धरला जातो. त्यामुळे एक ग्रॅम कुठे चिकटवला यावर सगळं अवलंबून. रॅकेटच्या शेंड्याला, घड्याळात १२ वाजतात तिथे, एक ग्रॅम लावला तर स्विंगवेट सव्वातीन ते साडेतीन एककांनी वाढतं. तोच ग्रॅम ३ किंवा ९ च्या जागी लावला तर दोनहून थोडं कमी. आणि मुठीत, ग्रिपखाली लावला तर जवळजवळ काहीच नाही. दुकानातल्या तुमच्यासारख्या रॅकेटचं स्विंगवेट गटिंगसकट ३२० च्या आगेमागे असतं. पुरुष व्यावसायिकांत ३४० च्या वरचे आकडे नेहमीचे. २०१२ च्या सुरुवातीला नदालने हेडच्या शेंड्याला तीन ग्रॅम वाढवले त्याचीही बातमी झाली होती. शेंड्यावरचे तीन ग्रॅम म्हणजे स्विंगवेटमध्ये दहा एककांची भर, हे लक्षात घेतलं तर त्या बातमीचं हसू येत नाही.

जास्त स्विंगवेटची रॅकेट जोरात आलेल्या बॉलपुढे मागे ढकलली जात नाही. बॉल खोल जातो, फटका स्थिर राहतो. पण ती वेळेवर पुढे आणायला खांदा, पाय आणि आधीच घेतलेलं वळण लागतं. व्यावसायिकाकडे ते तिन्ही आहेत, शिवाय समोरून येणारा बॉल इतका वेगवान असतो की हलकी रॅकेट त्याला परवडतच नाही. तुमच्या डबल्समध्ये नेटवर उभं राहून अर्ध्या सेकंदात रॅकेट इकडून तिकडे न्यायची असते. तिथे जड हेड म्हणजे उशीर, आणि एकहाती बॅकहँडवर उशीर म्हणजे मनगट आणि कोपराने केलेली भरपाई. तुमची कळ नेमकी तिथेच आहे.

'प्रो स्टॉक' या शब्दाबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. तो 'खेळाडूने वापरलेली, तयार रॅकेट' असा अर्थ घेऊन विकला जातो. प्रत्यक्षात कारखान्यातून खेळाडूंसाठी येणाऱ्या अनेक फ्रेम्स मुद्दाम हलक्या ठेवलेल्या असतात, काहींना मूठसुद्धा पूर्ण नसते. पुढे कारागीर मूठ खेळाडूच्या हाताच्या मापाने बसवतो, आत सिलिकॉन किंवा फोम भरतो, हेडला शिशाच्या पट्ट्या लावतो. न्यूयॉर्कचे रोमन प्रोकेश किंवा सॅम्प्रसच्या रॅकेटा गुंफणारे आणि पुढे 'प्रायॉरिटी वन' काढणारे नेट फर्ग्युसन यांचा धंदा उभा राहिला तो याच कामावर. म्हणजे भाच्याच्या बॅगेतून येईल तो एकतर कच्चा माल असेल, किंवा दुसऱ्या कोणाच्या हाताच्या मापाने शिवलेला अंगरखा. तुमच्या बाबतीत दुसरा प्रकार दिसतो.

वापरलेली फ्रेम घेण्यात आणखी दोन धोके आहेत, आणि विकणारे त्यांचा उच्चार करत नाहीत. पहिला: खेळाडूची फ्रेम जवळजवळ रोज नव्याने गुंफली जाते. दरवेळी मशीनवर ती दाबली-ताणली जाते. ग्राफाइट हळूहळू सैल पडतं आणि गटिंगच्या भोकांपाशी बारीक तडे जाऊ शकतात. फोटोत ते दिसत नाहीत. दुसरा आणि जास्त वैतागाचा: ग्रोमेट. भोकांतून तार घासू नये म्हणून जी प्लास्टिकची पट्टी असते ती वर्षा-दीड वर्षात झिजते, आणि बंद झालेल्या साच्याची ती पट्टी कुठेच मिळत नाही. ती गेली की हजारोंची फ्रेम भिंतीवर. शिवाय तशीच दुसरी फ्रेम मिळणार नसल्याने एक तार तुटली की सामना संपला.

आता गटिंग. खरं सांगायचं तर सगळ्या पत्रात मला खटकली ती एकच ओळ: गणपतीपासूनचं पॉलिएस्टर. आज मे चालू आहे; आठ महिने झाले.

तुमच्या आणि तुमच्या आवडत्या खेळाडूच्या रॅकेटमध्ये असलेला सगळ्यात मोठा फरक हा आहे. मोठ्या स्पर्धांत पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनी नवे बॉल येतात. बरेच खेळाडू त्याच वेळी नव्याने गुंफलेली रॅकेट बाहेर काढतात. म्हणजे एक गटिंग तासाभराचं. पॉलिएस्टरची जादू अशी की बॉल लागला की उभी तार बाजूला सरकते आणि झटक्यात परत येते. टॉपस्पिन (बॉलची पुढच्या दिशेची फिरकी) त्यातून मिळतो. १९९७ मध्ये ब्राझीलच्या कुएर्टेनने पॉलिएस्टर वापरून फ्रेंच ओपन जिंकल्यापासून ही तार सगळीकडे पसरली. पण पॉलिएस्टर टेन्शन सोडतं ते भराभर, आणि दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर ती परत येण्याची चपळाई मरते. तार तुटत नाही म्हणून वाटतं अजून चांगलं आहे. हाताला लागतो तो कडक, बथ्थड फटका. बॉल कधी आखूड, कधी बाहेर. मग आपण जोर वाढवतो. कडक फ्रेम, मेलेलं पॉलिएस्टर, थकलेला दंड: टेनिस एल्बोसाठी याहून सोयीची मांडणी करता येणार नाही.

फेडररनेही पूर्ण पॉलिएस्टर वापरलं नाही, हे त्याच्या चाहत्यांच्या लक्षात सहसा येत नाही. उभ्या तारा नॅचरल गटच्या (जनावराच्या आतड्यापासून बनणाऱ्या तारेच्या), आडव्या पॉलिएस्टरच्या. जोकोविचचंही साधारण तसंच. त्या मिश्र गटिंगला हायब्रिड म्हणतात, आणि उभ्या तारा जशा असतील तसा हाताला रॅकेटचा स्वभाव लागतो.

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा करायचं ते हे: पॉलिएस्टर कापून टाका. कापताना मधल्या तारांपासून सुरुवात करा आणि उभी-आडवी आलटून-पालटून बाहेरच्या बाजूला जा. एका बाजूने सरळ कापत गेलात तर ताण एकतर्फी होऊन फ्रेम वाकते. त्या जागी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) किंवा चांगलं सिंथेटिक गट (नायलॉनची तार), १.३० मिलिमीटर जाडीचं, २४ किलोवर (५३ पाऊंड) घाला. तीन आठवडे तेवढाच बदल ठेवा. टॉपस्पिन फार कमी झालाय असं वाटलं तर पुढच्या वेळी उभ्या मल्टिफिलामेंट २४ वर आणि आडव्या मऊ पॉलिएस्टर २३ वर. पूर्ण पॉलिएस्टरवर परत जायचंच असेल तर कोपर महिनाभर गप्प राहिल्यावर, २२ किलोच्या वर नाही, आणि पंधरा तासांनी कापायचं या बोलीवर. नॅचरल गट हाताला सगळ्यात सोयीचं, पण महाग, आणि पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने फुगतं, उसवतं. जून तोंडावर आलाय. ते ऑक्टोबरनंतर बघा.

गटिंगवाल्याला मशीन कोणतं ते विचारा. हाताने फिरवून अडकणाऱ्या मशीनवर आणि सतत ताण धरून ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मशीनवर तोच २४ चा आकडा लावला तरी निकाल सारखा येत नाही. सतत ओढणाऱ्या मशीनवरचं गटिंग पाचेक टक्के कडक लागतं. म्हणून माणूस बदलला की आकडा नव्याने शोधावा लागतो. प्रत्येक वेळी तारीख, गट आणि टेन्शन लिहून छोटी चिठ्ठी थ्रोटच्या (हेड आणि मूठ यांच्यामधल्या त्रिकोणाच्या) आतल्या बाजूला चिकटवा. चिठ्ठीवरची तारीख डोळ्यांसमोर असली की आठ महिने उलटत नाहीत. आणि भर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवत असाल तर ते आजपासून बंद. उष्णतेने टेन्शन उतरतं, आणि नव्या गटिंगचे पैसे डिकीतच वितळतात.

तीन आठवड्यांनी बॉल खोल जातोय का ते अंदाजाने ठरवू नका. सोबत्याला बॉल द्यायला सांगून तीस फोरहँड आणि तीस बॅकहँड क्रॉसकोर्ट (तिरके, समोरच्या कोपऱ्यात) मारा आणि सर्व्हिस लाइनच्या पलीकडे किती पडले ते मोजा. ती रेषा बेसलाइनपासून साडेपाच मीटरवर असते, त्यामुळे मोजणं सोपं. खेळाच्या सुरुवातीला एकदा आणि तासाभराने एकदा. दोन्ही आकडे सारखेच कमी असतील तर गटिंगमध्ये काम बाकी आहे. सुरुवातीला बरे आणि नंतर कोसळत असतील तर दोष रॅकेटचा नाही, दमाचा आणि पायांचा आहे, आणि जड रॅकेटने तो आकडा आणखी कोसळेल.

गटिंग जमल्यावरही जोरदार सर्व्हिस परतवताना रॅकेट हातात वळते असं वाटलं, तर वजनाला हात लावा. इथे व्यावसायिकांची युक्ती दोनशे-तीनशे रुपयांच्या सामानात घरी करता येते. आधी आहे ते मोजा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वजनाला पुरतो. बॅलन्ससाठी रॅकेट उभ्या धरलेल्या फुटपट्टीच्या धारेवर आडवी तोला आणि बुडापासूनचं अंतर घ्या. तुमची ३३ सेंटीमीटरच्या आसपास तुलेल. स्विंगवेटचं महागडं यंत्र नको. एक लोखंडी विणायची सुई बुडापासून बरोबर १० सेंटीमीटरवर, ग्रिपच्या सपाट बाजूवर आडवी, टेपने घट्ट बांधा. सुईची टोकं सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर टेकवा, हेड खाली लोंबू द्या आणि बॉल मारल्याच्या दिशेने हलकासा झोका द्या. शेंडा दहा-बारा सेंटीमीटरहून जास्त हलायला नको. वीस पूर्ण झोक्यांचा वेळ घ्या आणि वीसने भागा. मग २४.८५ गुणिले वजन (किलोत) गुणिले बॅलन्समधून दहा वजा केलेलं अंतर (सेंटीमीटरमध्ये) गुणिले त्या एका झोक्याच्या वेळेचा वर्ग. ३२२ ग्रॅमची, ३३ वर तुलणारी रॅकेट वीस झोक्यांना २६.४ सेकंद घेत असेल तर उत्तर साधारण ३२१ येतं. स्टॉपवॉच एक दशांश सेकंद चुकलं तर दोन-अडीच एककांचा फरक पडतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या.

आता शिशाची पट्टी. सहा मिलिमीटर रुंदीची साधारण दहा सेंटीमीटर म्हणजे एक ग्रॅम. ३ आणि ९ च्या जागी दोन-दोन ग्रॅम, फ्रेमच्या आतल्या कडेला, दोन्ही बाजूंना सारखी विभागून. एकूण चार ग्रॅम. याने स्विंगवेट सातेक एककांनी वाढेल, आणि बॉल मध्याच्या बाहेर लागला तर रॅकेट कमी वळेल. बॅलन्स मात्र हेडकडे अडीच मिलिमीटर सरकेल. तो जागेवर आणायला मुठीच्या बुडाच्या झाकणाआड चिकट पुट्टीचे तीन ग्रॅम दाबून बसवा. बुडाला भर घातल्याने स्विंगवेट हलत नाही. सुरुवात शेंड्यापासून करू नका. तिथे दोन ग्रॅम जास्त झाले की नेटवरची व्हॉली उशिरा यायला लागते आणि कारण कळत नाही. पट्टीवर साधी चिकटपट्टी फिरवा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. शिसं ते शिसंच. टंगस्टनची पट्टी मिळाली तर तीच घ्या, विषारी नाही आणि त्याच वजनाला कमी जागा घेते. एका वेळी चार ग्रॅमच, आणि मध्ये निदान चार दिवस खेळ.

यातून मिळणारी खरी 'प्रो' गोष्ट पुढे आहे. एकाच मॉडेलच्या दोन नव्या रॅकेटा पाच-सात ग्रॅमनी वेगळ्या निघणं ही कारखान्याची नेहमीची सूट. व्यावसायिक खेळाडू रॅकेटा कारागिराकडे देतो त्या हा फरक पुसायला. तुमच्या मॉडेलची दुसरी फ्रेम, जुनी चालेल, शोधा. जी हलकी असेल ती या पद्धतीने जड रॅकेटच्या आकड्यांवर आणा: वजन, बॅलन्स आणि झोका, तिन्ही. दोन जुळलेल्या रॅकेटा आणि दोघींवर ताजं गटिंग हे ३४५ ग्रॅमच्या कोणत्याही फ्रेमपेक्षा तुमचा रविवार जास्त सुधारेल.

कोपराबद्दल थोडक्यात. गटिंग बदलून तीन आठवड्यांत कळ निम्म्यावर आली नाही, किंवा चहाचा कप उचलतानाही दुखू लागलं, तर रॅकेटचे प्रयोग थांबवून फिजिओथेरपिस्टकडे जा. ग्रिपचं मापही एकदा तपासा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी मावली पाहिजे. मावत नसेल तर मूठ लहान आहे आणि तुम्ही ती आवळून धरताय. आणखी एक ओव्हरग्रिप अर्ध्या मापाची भर घालते.

मुलाच्या बाबतीत मी ठाम आहे: ती फ्रेम त्याच्या हातात देऊ नका, आणि 'पुढे चालेल' म्हणून काहीच घेऊ नका. तेराव्या वर्षी उंची आणि ताकदीप्रमाणे २६ इंची, २५० ग्रॅमच्या आतली, नाहीतर २७ इंची पण २७० ते २८५ ग्रॅमची रॅकेट. वर सिंथेटिक गट. पॉलिएस्टर नाही, त्याचे सगळे मित्र वापरत असले तरी.

एवढं सगळं करूनही ९५ चौरस इंचांची ओढ राहिली, तर ती काही गुन्हा नाही. लहान हेडची, लवचिक फ्रेम मधोमध लागलेल्या बॉलवर जो मऊ आवाज देते त्याचं वेड मलाही कळतं. पण ते दुकानात आज मिळणाऱ्या, ग्रोमेट उपलब्ध असलेल्या मॉडेलमध्ये शोधा. ९७-९८ चौरस इंच, गटिंगशिवाय ३०५ ते ३१५ ग्रॅम, आणि कडकपणाचा आकडा ६२ च्या आत. विकत घेण्याआधी क्लबातल्या कोणाकडून आठवडाभर उसनी घ्या. तुमच्या सध्याच्या रॅकेटवर आणि तिच्यावर एकच गट, एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, एकाच टेन्शनवर घालून घ्या. नाहीतर तुम्ही तुलना कराल ती नव्या गटाची आणि मेलेल्या गटाची, आणि जिंकेल दरवेळी नवीच रॅकेट.

भाच्याच्या बॅगेत जागा राखली असेलच. त्याला तुमच्या आत्ताच्या मॉडेलचे ग्रोमेटचे दोन संच आणि मल्टिफिलामेंटचं एक रीळ आणायला सांगा.